पेशंटला विचारा

गेल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मला झाला नाही असा आजार उरला नाही. गुडघा बदलून झाला, दमा झाला, साखर वाढली, एकदा हार्ट अटॅक येऊन गेला, आणि एका दुपारी तर या वयात मी बाळंतीणसुद्धा झाले. हे सगळं आमच्या हॉलमधल्या दिवाणावर झालं आणि प्रत्येक आजारातून उठून मी परत शिलाई मशीनवर जाऊन बसले. वरच्या मजल्यावरच्या राजश्रीला परदेशात नर्स म्हणून जायचं होतं आणि सरावासाठी तिला पेशंट हवा होता. हाताशी असलेला, वेळ असलेला आणि तोंड असलेला. तिसरी अट मी गरजेपेक्षा जास्त पुरी केली असं आमच्या यांचं मत आहे. पण ते दत्ताराम नावाचे गृहस्थ स्वतः काय दिवे लावत होते ते पुढे येईलच.

मी सुगंधा. मीरा रोडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहते, ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. गाव रत्नागिरीकडचं, पण इथे येऊन इतकी वर्षं झाली की आता गावालाच पाहुणी. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला बिल्डिंगमधली सगळी मापं ठाऊक असतात आणि सगळ्या भानगडीही. त्यामुळे राजश्रीबद्दल मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

राजश्री ही वैजयंताताईंची धाकटी. तिचे वडील सहादेवभाऊ मुर्ध्याला मिठागरावर वॉचमन होते आणि राजश्री नि तिचा थोरला भाऊ उदय तिथल्याच भाड्याच्या खोलीत वाढले. सहादेवभाऊ अचानक गेले तेव्हा ही नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परीक्षा. ती म्हणाली, मी नाही जात. वैजयंताताईंनी एक शब्द न बोलता तिचं ॲप्रन इस्त्री केलं, रिक्षा थांबवली आणि तिला दंडाला धरून आत बसवलं. हे मला राजश्रीनेच सांगितलंय, आणि सांगताना तिचा आवाज बदलतो.

पुढे दोघं भावंडं कमवायला लागली आणि मुर्धा सोडून आमच्या बिल्डिंगमध्ये आली. उदय काशीमीऱ्याला एका ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये, नेहमी नाईट. राजश्री इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात. बुटकी, सडसडीत पोरगी, पण चालायला लागली की मागच्याला धावावं लागतं. आवाज असा खणखणीत की वॉर्डच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाचा पेशंट गोळी गिळून मोकळा.

ती कामावर कशी असते ते मी आडवी पडून पाहिलंय. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं (हे खरं, दिवाणावरचं नव्हे) तेव्हा मी तिच्याच वॉर्डात होते. सकाळी डॉक्टर राऊंडला आले. राजश्रीने दारातूनच हाक दिली, "रिलेटिव्ह कोण आहे?" आमचे हे शाळेतल्या पोरासारखे ताडकन उभे राहिले. मग डॉक्टरांनी, राजश्रीने आणि यांनी मिळून माझ्या डोक्यावरून एक सभा घेतली.

"रात्री झोप लागली का यांना?"

"लागली ना. मस्त," हे म्हणाले.

रात्रभर मी डोळे टक्क उघडे ठेवून बाजूच्या बाकड्यावरचं यांचं घोरणं ऐकत होते! पण मला कोणी विचारलंच नाही. दुखतंय का ते यांना विचारलं, गॅस सुटला का तेही यांनाच विचारलं. त्यांना काय माहीत? तरी त्यांनी दिलं ठोकून.

राजश्रीला यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं नाही. आपल्याकडे असंच असतं. एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड. पेशंटला उठवायचं, भरवायचं, खालच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणायचं, रिपोर्ट आणायचे, हे सगळं रिलेटिव्ह करतो. तो अर्धी नर्सच असतो. मग सिस्टर त्याच्याशीच बोलणार. पेशंट काय, पडलेला असतो.

आता आयर्लंडचं. राजश्रीच्या बॅचच्या मुली एकेक करून बाहेर गेल्या होत्या, कोणी दुबईला, कोणी जर्मनीला. जगभर नर्स कमी पडतायत, असं ती सांगायची. आमच्या यांनी एकदा शंका काढली, "तिकडच्या पोरी नर्स होत नाहीत काय?"

"होतात काका, पण पुरत नाहीत. तिकडे म्हातारी माणसं वाढतायत, जुन्या सिस्टर रिटायर होतायत. म्हणून आम्हाला बोलवतायत."

"आणि इथे पुरतात?"

"इथे पण नाही पुरत," ती म्हणाली. "पण इथे मी एकटी चौघींचं करते, ते कोणाच्या खिजगणतीत नाही. तिकडे एकीनं एकीचं करायचं असतं. मला एकदा तरी नीट नर्सिंग करून बघायचंय, काका. धावत नाही. नीट."

आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने कॉम्प्युटरवर तिची मुलाखत घेतली आणि पसंत केलं. अट एकच. नर्स लोकांची इंग्रजीची वेगळी परीक्षा असते, ओईटी म्हणतात तिला. ती दिवाळीपर्यंत पास व्हायची, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. राजश्रीचं इंग्रजी चांगलं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्हीत ती आरामात निघाली. आणि बोलण्यात आपटली.

निकालाच्या दिवशी ती आमच्याकडे येऊन दिवाणावर धपकन बसली. रडली नाही. ती रडत नाही, तिचं नाक लाल होतं फक्त.

"नक्की झालं काय?" मी विचारलं.

झालं होतं ते असं. त्या परीक्षेत समोरची बाई पेशंट बनून बसते. हिला चिठ्ठी मिळाली होती की ऑपरेशन झालेली म्हातारी आहे, चालायला तयार नाही, तिच्याशी बोल. राजश्रीने आत जाऊन गुड मॉर्निंग केलं आणि पहिला प्रश्न विचारला, तुमच्याबरोबर कोण आहे? ती बाई म्हणाली, कोणी नाही. राजश्री म्हणाली, मग मुलाला बोलवून घ्या, मी त्याला समजावून सांगते. बाई म्हणाली, मला चालायची भीती वाटते. राजश्री म्हणाली, काही होत नाही, टेन्शन घेऊ नका, चला उठा. सगळं अगदी शुद्ध इंग्रजीत!

"क्लासच्या मॅडमनी माझ्याकडून परत करून घेतलं नि डोक्याला हात लावला," ती म्हणाली. "म्हणाल्या, तुझं इंग्रजी ठीक आहे. तू पेशंटशी बोलतच नाहीस. तिच्या आजूबाजूला बोलतेस."

मला माझं पित्ताशय आठवलं आणि मी इतकी हसले की सुई बोटात गेली. ती रागाने बघायला लागली. मी म्हटलं, "अगं बाई, मग आधी मराठीत शीक. इंग्रजी नंतर बघू. ये उद्या दुपारी, मी पडते इथे."

अशी माझी आजारपणं सुरू झाली. सकाळची ड्युटी संपवून ती जेवायच्या आधी यायची. मी दिवाणावर चादर घेऊन आडवी, हे खुर्चीत पेपर घेऊन. राजश्री दाराबाहेर जायची, बेल वाजवायची आणि आत यायची.

पहिल्या दिवशी आत आली नि सरळ यांच्याकडे वळली. "काका, कधीपासून दुखतंय यांना?"

"परवापासून," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"अहो, मी मेले नाहीये अजून!" मी चादर फेकून उठले.

"सॉरी, सॉरी. परत," असं म्हणून ती परत बाहेर.

आठवडाभर हेच. तिची मान आपोआप यांच्याकडे वळायची आणि आमचे हे आपोआप उत्तर द्यायचे. गुडघा माझा, कळ यांना माहीत. शेवटी मी यांना पेशंट केलं आणि स्वतः रिलेटिव्ह झाले. तर राजश्री माझ्याकडे वळली आणि मी, म्हणजे मी स्वतः, तोंड उघडून सांगायला लागले की यांना ॲसिडिटीचा त्रास आहे, ऐकत नाहीत, लोणचं खातात. मग तिघंही हसत सुटलो. पण राजश्री लगेच गप्प झाली. "हसण्यावारी नेऊ नका, काकू. मला हे जमलं पाहिजे. मी जाणार आहे." आणि पुन्हा दाराबाहेर.

तिने ते बसवलंच. मान वळायची थांबली. मग 'काही होत नाही' गेलं. ते जायला फार वेळ लागला, कारण सिस्टरच्या तोंडात ते वाक्य आपलं आपणच येतं. मी म्हणायचे, मला भीती वाटते. ती तोंड उघडायची, मिटायची, आणि विचारायची, "कसली भीती वाटते?" मग गप्प बसायची. ते गप्प बसणं तिला सगळ्यात कठीण. धावत्या बाईला थांबायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पण ती ओठ दाबून बसायची, आणि मजा अशी की ती थांबली की मला खरंच काहीतरी सांगावंसं वाटायचं. गुडघा खोटा होता, पण एकदा बोलता बोलता मी तिला माझ्या डोळ्यांचं सांगून बसले, हल्ली काळ्या कापडावर काळा धागा दिसत नाही हे. ते मी यांनाही सांगितलेलं नव्हतं.

हे खाली चाललेलं. वर वेगळंच चाललं होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात वैजयंताताईंना लकवा झाला होता. उजवा हात गेला, पाय ओढत चालायच्या. बोलणं राहिलं, पण शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा. एकेक. डोकं मात्र लख्ख. टीव्हीवर कुणी खोटं बोललं की त्या नुसत्या भुवईने सांगायच्या. दिवसा उदय घरी असे, रात्री राजश्री. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी ती आईची आंघोळ, वेणी, नाश्ता, हाताचे व्यायाम सगळं उरकायची. उरकायची हाच शब्द बरोबर. हात सफाईदार, पण वॉर्डातला वेग.

आणि उदय तिच्या जाण्याच्या ठाम विरोधात होता. तो वाईट नाही. आईला बाथरूमपर्यंत उचलून नेताना त्याचा चेहरा मी पाहिलाय, काचेचं काही धरल्यासारखा. तो घाबरला होता, एवढंच, आणि घाबरलेला पुरुष आवाज चढवतो. "तू नर्स आहेस नि घरचाच पेशंट टाकून दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या बघायला जातेस?" हे तो तिला रोज ऐकवायचा, आईच्या पलंगाशी उभा राहून. राजश्री तिथेच उभी राहून उत्तर द्यायची. आई मध्ये.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा उदयने एका रविवारी मामांना बोलावलं. शेजारी म्हणून आम्हालाही. मी कांदेपोहे करून नेले, कारण भांडणाच्या घरात चूल पेटत नाही हे मला माहीत आहे. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्चीत वैजयंताताई, टीव्हीचा आवाज बंद, आणि बाकी सगळे गोल करून.

मामांनी सुरुवात केली. "परदेशात जाण्याला माझा विरोध नाही. पण आईची ही अवस्था. तिला कोण बघणार?"

"सकाळी बाई ठेवणार आहे. आंघोळीला नि व्यायामाला," राजश्री म्हणाली. "दादा दिवसाची ड्युटी मागून घेईल, रात्री घरी असेल. दिवसा खाली काकू आहेतच. वर्षभरात मला सुट्टी मिळते, मी येईन."

"बाई म्हणजे काय पोरगी आहे?" उदय म्हणाला. "आईला तुझ्याच हातची सवय आहे. दुसरं कोणी हात लावलेलं तिला चालणार नाही."

"तिला रात्री भीती वाटते," मामा म्हणाले.

"भीती नाही वाटत तिला, मला माहितीये," राजश्री म्हणाली. "आणि मामा, मी परवानगी मागत नाहीये. मी जाणार आहे. कशी व्यवस्था लावायची तेवढं बोलूया."

"एवढी मोठी झालीस?" मामांचा आवाज चढला.

"आईचं मला कळतं, मामा. ती मला विचारून झोपते. तिला काय लागतं, काय लागत नाही, ते माझ्याशिवाय—"

इथे राजश्री थांबली. वाक्याच्या मध्ये. मी तिच्याकडेच बघत होते. तिची मान मामांवरून उदयकडे वळत होती, आणि त्या वळणात मध्ये आईची खुर्ची होती. तिथे मान अडकली.

माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण मी तोंडात पोहे कोंबले. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले याचा मला अजून अभिमान आहे.

राजश्रीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आईच्या डाव्या हाताला ठेवलं आणि बसली. डोळे आईच्या डोळ्यांसमोर येतील असं. अगदी माझ्या दिवाणापाशी बसायची तसं.

"आई, तुझ्याशी बोलायचंय. आत्ता बोलू, की चहा झाल्यावर?"

वैजयंताताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वळून सगळ्यांकडे. "आत्ता."

"मी जाण्याबद्दल हे सगळे बोलतायत, मी पण बोलतेय. तुला काय वाटतं?"

"तिला काय वाटणार—" मामांनी सुरुवात केली. राजश्रीने त्यांच्याकडे न बघता नुसता तळवा वर केला.

खाली रिक्षा वाजत होत्या, कुणाचा तरी कुकर झाला. वैजयंताताईंच्या गळ्याची शीर हलत होती. उदयला राहवेना. "आई, तुला असं म्हणायचंय का की—"

"दादा, थांब."

"भीती," वैजयंताताई म्हणाल्या. "वाटते."

"बघ!" उदयने मांडीवर हात मारला.

'काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस.' ते वाक्य राजश्रीच्या ओठांवर आलेलं मी स्पष्ट पाहिलं. तिने ते गिळलं.

"कसली भीती वाटते?"

"रात्री... काय झालं तर. फोन... लावता येत नाय. बोट घसरतं."

"बरं. रात्री फोन लावता येत नाही. अजून?"

पुन्हा तेवढाच वेळ गेला. या वेळी वैजयंताताईंनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "आंघोळ. तू... नको घालू."

राजश्रीचं नाक लाल झालं. "का गं? मी जोरात घासते? दुखतं?"

"लाज वाटते. पोरगी... हायस माझी." त्या दमल्या, पण थांबल्या नाहीत. "आणि... करूच देत नायस. साबण पण... धरू देत नायस. सगळं तूच. हात... तसाच राहील... माझा."

मला राजश्रीची फार दया आली. इतके महिने ती पहाटे उठून जे करत होती, ज्याच्यामुळे आपण चांगली मुलगी आहोत असं तिला वाटत असणार, त्याचीच आईला लाज वाटत होती. दुसरी एखादी असती तर उठून गेली असती. ती हलली नाही. आईचा डावा हात तिने हातात घेतला नाही, नुसता शेजारी आपला हात ठेवला.

"आणि मी गेले तर, आई?"

"गेलीस... तर भीती वाटेल." वैजयंताताईंनी श्वास घेतला. "माझ्यापायी राहिलीस... तर जास्त."

उदय उठला आणि त्याने उगाचच पंख्याचं बटण बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. पाठ आमच्याकडे. मामा चष्मा पुसायला लागले. आमच्या यांनी माझ्या कोपराला कोपर लावलं, मी बघितलं नाही, नाहीतर मी तिथेच भोकाड पसरलं असतं.

"उदय," वैजयंताताई म्हणाल्या. तो गर्रकन वळला. "भात... लावायला शीक."

आणि मग सगळे एकदम हसलो. उदय रडत रडत हसला.

त्याच आठवड्यात कामं झाली. उदयला दिवसाची ड्युटी मिळाली. त्यांच्या पलंगाला डाव्या बाजूला बटण बसवलं, आणि त्याची घंटा आमच्या हॉलमध्ये, दिवसा घरात कोणी नसेल किंवा रात्री उदयला जाग आली नाही तर म्हणून. वैजयंताताईंनी ती भीतीसाठी वापरायची होती. पण पहिल्यांदा वाजली ती संध्याकाळी, आणि मी चप्पल न घालता धावत वर गेले, तर त्या म्हणाल्या, "चहा... ठेवलाय." उदयने ठेवला होता, साखर विसरून. आंघोळीला पिंकी यायला लागली, काशीमीऱ्याकडून, चांगली हसरी मुलगी. राजश्रीने तिला एकच गोष्ट दहादा बजावली: साबण आईच्या हातात द्यायचा, पडला तर उचलून परत द्यायचा, पण लावायचा नाही.

परीक्षेला राजश्री दुसऱ्यांदा बसली. या वेळी समोरची बाई हाड मोडलेली पेशंट होती आणि तिला हॉस्पिटलमधून घरी जायचंच नव्हतं. राजश्रीने विचारलं, का? आणि थांबली. "काकू, मी एवढी थांबले की मला वाटलं वेळ संपणार," ती मला सांगत होती. "मग ती म्हणाली, घरी जिने आहेत. मला वाटलं, हे तर माझ्या आईचंच झालं. मग काय, बोलतच गेलो आम्ही." ती पास झाली, आणि सगळ्यात चांगले मार्क बोलण्यात पडले. मी लगेच यांना सांगितलं की यातले निम्मे माझ्या गुडघ्याचे.

ती निघाली त्या दिवशी अख्खी बिल्डिंग खाली. टॅक्सी उभी. वैजयंताताईंना वरूनच टाटा करायला सांगितलं होतं. पण लिफ्टचं दार उघडलं आणि त्या वॉकर सरकवत बाहेर आल्या. उदय मागे, हात पुढे केलेले पण न लावलेले. टॅक्सीपर्यंत यायला त्यांना भरपूर वेळ लागला. कोणी घाई केली नाही, ड्रायव्हरनेही नाही. त्यांनी डाव्या हाताने राजश्रीचा दंड धरला आणि तिला आत बसवलं. दार मात्र उदयने लावलं.

आता राजश्री तिकडे रुजली आहे. थंडीला शिव्या घालते, तिथल्या एका म्हाताऱ्या आजीकडून चहात दूध आधी की नंतर यावर ओरडा खाते. व्हिडिओ कॉल लावला की आधी आईला विचारते, आत्ता बोलू की नंतर? कधी कधी वैजयंताताई सांगतात, नंतर, सिरीयल लागलीय.

परवा त्यांना तपासणीला नेलं. उदय ड्युटीवर होता, म्हणून मी गेले. डॉक्टर नवे होते. त्यांनी फाईल उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रिलेटिव्ह का तुम्ही? कशी आहे तब्येत यांची? आंघोळ, जेवण कोण बघतं?"

मी तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण टेबलावर टक्टक् झालं. वैजयंताताईंचा डावा हात.

"मला... विचारा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर जरा गडबडले. मग त्यांनी खुर्ची वळवली. "बरं आजी, तुम्ही सांगा. आंघोळ कोण घालतं?"

"मीच करते. पिंकी... पाणी काढते."

"वा. आणि फाईलमध्ये लिहिलंय की मुलगी नर्स आहे. ती कुठे असते?"

"आयर्लंड."

डॉक्टरांनी मान हलवली, आणि सवयच ती, परत माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "यांना अशा अवस्थेत सोडून गेली?"

मी वैजयंताताईंकडे पाहिलं. शब्द यायला वेळ लागत होता, शीर हलत होती. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांनी पेन उचललं, ठेवलं.

"सोडून... नाय गेली," वैजयंताताई म्हणाल्या. "मी पाठवली."